वैतागलेल्या मतदाराचे प्रश्न: बेळगावच्या बूथपासून राष्ट्रपती भवनापर्यंत

निवडणूक कुठलीही असो, ती जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी या कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातून आमच्याकडे तेच तेच प्रश्न येतात. राष्ट्रपतींची निवड असली तर जरा जास्तच, कारण तेव्हा आपण नुसतेच बघे असतो. २०२४ मध्ये अमेरिकेच्या निवडणुकीच्या वेळी तर ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी भंडावून सोडलं. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवलेत, शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राष्ट्रपती निवडताना आम्हाला मत का नाही? आमचा देश, आमचा राष्ट्रपती, मग आम्ही का घालायचं नाही मत?

घटनेच्या कलम ५४ नुसार राष्ट्रपतींना निवडतात ते लोकसभा-राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. नेमलेल्या सदस्यांना मत नाही. विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण कर्नाटकात परिषद आहे आणि 'आमचे एमएलसी साहेब दिल्लीला मत द्यायला गेले' असं सांगणारे भेटतात.

थेट निवडणूक न ठेवण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे. कोट्यवधी लोकांनी थेट निवडलेला राष्ट्रपती असता, तर 'मलाही जनतेनंच निवडलंय' म्हणून तो पंतप्रधानांसमोर उभा राहिला असता. घटनाकारांना दोन सत्ताकेंद्रं नको होती. थोडक्यात, राष्ट्रपतिपदासाठीचं तुमचं मत तुम्ही विधानसभेच्या बूथवर आधीच देऊन आलेला असता, तेव्हा ते लक्षात येत नाही इतकंच.

२. मग आमच्या आमदाराच्या मताला किंमत किती?

कर्नाटकच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १३१. महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५, उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, आणि त्याला पुन्हा हजारानं भाग, असं हे गणित आहे. लोकसंख्या अजून १९७१ चीच धरतात, कारण पुढची धरली तर ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन केलं त्यांनाच तोटा झाला असता.

बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे १८ मतदारसंघ आहेत. म्हणजे सगळा जिल्हा मिळून २,३५८. २०२२ मध्ये देशभरातल्या मतांचं एकूण मूल्य १०,८६,४३१ होतं आणि एका खासदाराचं मूल्य ७००. आता ज्याला त्याला आपला वाटा काढता येईल. आणि हो, आपलंच गाव पलीकडे महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात असतं तर त्याच्या आमदाराचं मूल्य ४४ नं जास्त असतं, हे गणित आम्हाला एका येळ्ळूरच्या मास्तरांनी करून पाठवलंय. गणित बरोबर आहे. त्यातून निघणारा अर्थ ज्याचा त्यानं काढावा.

३. आमदारानं कुणाला मत दिलं ते आम्हाला कळतं का? पक्ष व्हिप काढतो का?

दोन्हीचं उत्तर नाही. मतदान गुप्त असतं, आणि या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी, आणि आयोगानं दिलेल्या पेननेच १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. स्वतःचं पेन वापरलं तर मत बाद. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्या लढतीत ५३ मतं बाद झाली. म्हणजे कायदे करणाऱ्यांनाही मत नीट देता येतंच असं नाही.

या मतपत्रिकेवर 'नोटा' नसतो. राज्यसभेच्या निवडणुकीतही नोटा चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं आहे. तुमच्यासाठी नोटा कसा चालतो ते प्रश्न १० मध्ये.

४. या निवडणुकीत प्रस्थापितांना कधी धक्का बसलाय का? की सगळं आधीच ठरलेलं असतं?

बहुतेक वेळा ठरलेलंच असतं. पण १९६९ ची निवडणूक वेगळी होती, आणि आपल्या भागातल्या माणसानं ती वाचलीच पाहिजे, कारण तिच्यातली दोन पात्रं आपल्या ओळखीची आहेत.

मे १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा एस. निजलिंगप्पा. होय, तेच. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला तेव्हा म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री असलेले. पक्षातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या गटानं, ज्याला सिंडिकेट म्हणत, बेंगळूरच्या बैठकीत नीलम संजीव रेड्डी यांचं नाव पुढे रेटलं. इंदिरा गांधींना ते नको होतं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि इंदिराबाईंनी आमदार-खासदारांना सांगितलं, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्या.

तिसरे उमेदवार चिंतामणराव देशमुख. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे सी. डी. देशमुख. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा त्यांना पाठिंबा होता. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८ आणि देशमुख १,१२,७६९. कुणालाच निम्म्याहून जास्त नाहीत. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. देशमुखांची बरीच मतं रेड्डींकडे वळली, तरी शेवटी गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निसटते निवडून आले. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

हे बंड जनतेचं होतं का? माझं मत, नाही. एका प्रस्थापित गटानं दुसऱ्या प्रस्थापित गटाला पाडलं. पण गुप्त मतदान, व्हिप नाही आणि दुसरी पसंती आहे, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर श्रेष्ठींचा उमेदवारही पडतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

५. मराठी राष्ट्रपती झाल्या तेव्हा सीमाभागाला काय मिळालं?

२००७ मध्ये प्रतिभाताई पाटील निवडून आल्या. भाजपसोबत युतीत असूनही शिवसेनेनं मराठी माणूस म्हणून त्यांनाच मत दिलं, भैरोसिंह शेखावतांना नाही. आपल्याकडे तेव्हा पेढे वाटले गेले. सीमाप्रश्नावर काही हललं का? नाही, आणि हलणारही नव्हतं. कारण पुढच्या उत्तरात आहे. त्यात ताईंचा दोष शोधणं चुकीचं.

६. राष्ट्रपतींनी मनात आणलं तर बेळगाव महाराष्ट्रात जाईल की नाही?

मनात आणून नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार कलम ३ नुसार संसदेचा. तसं विधेयक मांडायला राष्ट्रपतींची शिफारस लागते, आणि ते त्याआधी संबंधित राज्यांच्या विधिमंडळांकडे मत मागवायला पाठवावं लागतं. पण राष्ट्रपती ही शिफारस करतात ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. त्यामुळे किल्ली केंद्र सरकारकडे आहे.

इथे अनेकांचा एक गैरसमज असतो की कर्नाटक विधानसभेनं नाही म्हटलं की विषय संपला. तसं नाही. विधिमंडळाचं मत मागवायचं असतं, ते बंधनकारक नसतं. तेलंगणाच्या वेळी आंध्र विधानसभेनं जानेवारी २०१४ मध्ये विधेयक नाकारलं होतं, तरी संसदेनं ते मंजूर केलं आणि राज्य झालं. अडलंय ते घटनेत नव्हे, दिल्लीच्या इच्छेत. दोन्ही राज्यांत ज्याला मतं हवीत त्या पक्षाला हा विषय हातात धरवत नाही, मग तो पक्ष कुठलाही असो.

महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, सीमाभागातली ८६५ गावं मिळावीत म्हणून. तो वेगळा रस्ता आहे आणि त्याचा मतदानाशी थेट संबंध नाही.

७. राष्ट्रपतींना पत्र लिहून उपयोग होतो का? आमच्या मंडळानं सह्यांची मोहीम काढली होती.

'बेळगाव महाराष्ट्रात घ्या' असं पत्र गेलं की ते राष्ट्रपती सचिवालयातून संबंधित खात्याकडे पाठवलं जातं आणि बहुधा तिथेच राहतं. पण घटनेत राष्ट्रपतींच्या नावानं आपल्या कामाच्या तीन जागा आहेत आणि सह्या गोळा करायच्याच तर त्यासाठी कराव्यात.

कलम ३४७: एखाद्या राज्यातल्या लोकसंख्येच्या बऱ्याच मोठ्या भागाची मागणी असेल आणि राष्ट्रपतींची तशी खात्री पटली, तर त्यांची भाषा त्या राज्यात किंवा राज्याच्या एखाद्या भागात ठरावीक कामांसाठी अधिकृतपणे मान्य करावी, असा आदेश ते देऊ शकतात. 'राज्याच्या भागात' हे शब्द महत्त्वाचे. कलम ३५०-अ: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी ते राज्याला निर्देश देऊ शकतात. कलम ३५०-ब: भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा विशेष अधिकारी राष्ट्रपती नेमतात आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. इथेही निर्णय सल्ल्यानंच होतो, पण सातबाऱ्यापासून बसच्या पाटीपर्यंत कागद मराठीत मिळावा ही मागणी सीमा न बदलता मान्य होऊ शकते. पत्र मराठीत लिहिलं तरी चालतं, कलम ३५० तो हक्क देतं. विशेष अधिकाऱ्याला लिहिताना मोघम तक्रार नको. कुठलं कार्यालय, कुठला फॉर्म, कुठली तारीख, ते लिहा आणि अर्जाची पोच जोडा.

८. अमेरिकेत अध्यक्ष थेट लोक निवडतात ना? मग तिथले लोकही एवढे चिडलेले का? आमचा मुलगा म्हणतो दोन्ही पक्ष सारखेच.

पहिली गोष्ट, तिथेही पूर्ण थेट नाही. मतदार ५३८ निर्वाचकांना निवडतात आणि ते अध्यक्ष निवडतात, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत ज्याला सर्वात जास्त मतं त्याला त्या राज्याचे सगळे निर्वाचक. त्यामुळे देशभर जास्त मतं मिळवूनही हरता येतं. २००० मध्ये अल गोर असे हरले, २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून जास्त मतांनी पुढे असून हरल्या. मुलगा ज्या राज्यात एकाच पक्षाचं वर्चस्व आहे तिथे राहत असेल, तर त्याच्या मतानं निकाल हलत नाही आणि प्रचारालाही तिथे कुणी फिरकत नाही. चिडण्याचं हे एक कारण.

दुसरं जास्त खोल आहे. प्रस्थापितांवर चिडलेले लोक तिथे तिसऱ्याला मत देऊन बघतात. १९९२ मध्ये रॉस पेरो नावाच्या उद्योगपतीला देशभर जवळजवळ १९ टक्के मतं पडली. निर्वाचक किती मिळाले? शून्य. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांना साडेतेरा टक्केच मतं होती, पण निर्वाचक मिळाले ४६. वॉलेस हा वंशभेदाचं राजकारण करणारा माणूस, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्याची मतं दक्षिणेतल्या मोजक्या राज्यांत एकवटली होती आणि पेरोची सगळीकडे पसरलेली. पसरलेला राग मोजणीत दिसला नाही.

आणि तिसऱ्याला दिलेल्या मताचा फटका कुणाला बसतो? २००० मध्ये फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांनी लागला. राल्फ नेडर यांना त्याच राज्यात ९७ हजारांहून जास्त मतं होती. त्यांच्यातल्या थोड्यांनीही गोर यांना मत दिलं असतं तर बुश अध्यक्ष झाले नसते, हा वाद तिथे अजून मिटलेला नाही. म्हणून २०१६ पासून चिडलेल्यांनी दुसरी वाट धरली: बाहेरून पक्ष काढायचा नाही, पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच श्रेष्ठींना पाडायचं. बर्नी सँडर्स अडले, ट्रम्प आत शिरले. आपल्याकडे तिकीट बेंगळूर-दिल्लीत ठरतं, सभासद मत देत नाहीत, म्हणून ही वाट बंदच आहे.

९. कुठल्याच देशात चिडलेल्या जनतेचा माणूस राष्ट्राध्यक्ष होत नाही का मग?

होतो. जवळचं उदाहरण श्रीलंका. अनुरा कुमार दिसानायके यांना २०१९ मध्ये ३.१६ टक्के मतं होती. २०२२ मध्ये देश दिवाळखोर झाला, लोकांनी राष्ट्राध्यक्षांना पळवून लावलं, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेच दिसानायके ४२.३१ टक्के मतं घेऊन पहिले आले. निम्म्याहून जास्त नव्हती म्हणून दुसरी पसंतीही मोजावी लागली. तिथे मतदार तीन पसंत्या देऊ शकतो, त्यामुळे आवडत्याला मत देऊन वाया जाईल ही भीती कमी असते. आमदार-खासदारांना जी पसंतीची सोय राष्ट्रपती निवडताना आहे, ती आपल्याला आमदार निवडताना असती तर बेळगावातली कितीतरी भांडणं झालीच नसती, असं मला वाटतं. कारण प्रश्न १३ मध्ये.

१०. नोटा दाबला तर नक्की काय होतं?

मोजला जातो, निकालात छापला जातो, आणि निकालावर परिणाम शून्य. सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे बटण आलं. लोकसभा-विधानसभेला उमेदवारांत ज्याला सर्वात जास्त मतं तो निवडून येतो, नोटा कितीही असो. अनामत वाचवायला लागणारी एक षष्ठांश मतं मोजतानाही नोटा धरत नाहीत.

वडगावच्या एका विणकर मामांनी नोटा दाबून व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी दिसते का ते बघितलं आणि बाहेर येऊन विचारलं, 'चिठ्ठी दिसली ओ, पण ती वाचणार कोण?' दिसते ती सात सेकंद. वाचणारं खरोखर कुणी नाही, आयोगाच्या तक्त्यात फक्त एक आकडा वाढतो.

अमेरिकेत नेवाडा राज्यात १९७५ पासून अशी सोय आहे, 'यांपैकी कोणीही नाही'. २०१६ मध्ये तिथे या पर्यायाला मिळालेली मतं हिलरी आणि ट्रम्प यांच्यातल्या फरकापेक्षा किंचित जास्त होती. तिथेही निकाल बदलत नाही.

११. नोटालाच सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक होते असं ऐकलंय.

अर्धवट ऐकलंय. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये तसं ठरवलं, पण ते महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांपुरतं. बेळगाव महापालिकेला ते लागू नाही. कोल्हापूरचा व्हिडिओ बघून इथे सांगू नका.

लोकसभा-विधानसभेला नोटा दुसरा आल्याची उदाहरणं मात्र आहेत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभेत, आणि २०२४ मध्ये इंदूर लोकसभेत, जिथे काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी माघार घेतली आणि नोटाला २,१८,६७४ मतं पडली. दोन्हीकडे पहिला आलेला आरामात निवडून आला.

१२. बेळगावात एकदा ४५६ उमेदवार उभे होते हे खरं का? त्यातून काय मिळालं?

खरं आहे. १९९६ ची लोकसभा. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीच्या हाकेला ओ देऊन मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला. त्याआधी १९८५ च्या विधानसभेलाही बेळगावात ३०१ उमेदवार होते. मतदान तेव्हा कागदावर होतं, इतकी नावं आणि चिन्हं असलेली मतपत्रिका उलगडायची कुठे आणि शिक्का मारायचा कुठे, हाच प्रश्न. १९९६ मध्येच आंध्रात नलगोंडा लोकसभेला ४८०, आणि तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला १,०३३ उमेदवार होते. तिथलेही लोक आपापल्या गाऱ्हाण्यांनी पेटलेले होते.

मिळालं काय? देशभर बातमी झाली. निवडून आला तो राष्ट्रीय पक्षाचाच. आणि सरकारनं गाऱ्हाण्याला नव्हे, अर्जांना उत्तर दिलं. त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० केली आणि अपक्षाला दहा सूचक बंधनकारक केले. १९९६ मध्ये देशभर १३,९५२ उमेदवार होते, १९९८ मध्ये उरले ४,७५०. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीतही हेच घडलंय. १९६७ मध्ये १७ उमेदवार उभे राहिले, त्यातल्या नऊ जणांना एकही मत नव्हतं. मग अटी वाढत गेल्या, आता ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये लागतात.

आज तसंच करायचं म्हटलं तर लोकसभेची अनामत २५,००० आहे, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. ४५६ जणांचे १ कोटी १४ लाख होतात, १९९६ मध्ये हाच हिशेब २ लाख २८ हजारांचा होता. एक षष्ठांश मतं नाहीत तर ते गेले. तरी २०१९ मध्ये निजामाबादला हळद शेतकऱ्यांनी केलं, एकूण १८५ उमेदवार आणि एका मतदानयंत्राला बारा बॅलट युनिटं. तिथे मुख्यमंत्र्यांची मुलगी पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादेत आलं. फरक एवढाच की त्यांची मागणी एका मंत्रालयाच्या सहीनं पुरी होण्यासारखी होती.

१३. आमचा राग कर्नाटकावर नाही, समितीच्या पुढाऱ्यांवर आहे. दरवेळी दोन गट, दोन उमेदवार. आम्ही काय करावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारे बहुतेक पिढीजात समितीचेच असतात. घरात १ जून १९८६ च्या हुतात्म्यांचा फोटो, १ नोव्हेंबरला काळ्या फिती लावून सायकल फेरी, आणि मतदानाच्या दिवशी हात थरथरतो.

आकडे बघा. २०१३ च्या विधानसभेला समितीचे दोन आमदार आले. २०१८ ला शून्य, २०२३ ला शून्य. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ गेले, मराठी मतं विभागली, हे खरं. खानापूर लोकसभेला उत्तर कन्नडात आहे, निपाणी चिक्कोडीत, हेही खरं. पण गटबाजीचं खापर पुनर्रचनेवर फोडता येत नाही. २०२१ ला महापालिका पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हांवर लढली गेली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपला गेल्या. ती मतं सगळी कन्नड होती असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आपल्या गल्लीतली यादी काढून बघावी.

आणि तरी, त्याच २०२१ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या एका तरुण उमेदवाराला एक लाख सतरा हजारांवर मतं पडली. भाजप आणि काँग्रेसमधला फरक होता ५,२४० चा. तिसरा येऊनही ही मतं दोन्ही पक्षांनी मोजली, कारण ती एका नावावर होती. माझा सल्ला विचाराल तर अर्ज मागे घ्यायच्या मुदतीआधी पुढाऱ्यांच्या दारात जा, नंतर नोटा दाबून घरी बसू नका. एकच उमेदवार ठरला नाही तर कुणालाच वर्गणी नाही, हे दोन-चार गल्ल्यांनी जरी लेखी कळवलं तरी बैठकीची भाषा बदलते. आणि मुंबईहून प्रचाराला येणाऱ्या पुढाऱ्यांना विचारा, तुमच्याच पक्षानं राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवारासाठी इथे सभा का घेतली? हे दोन्ही बाजूंच्या पक्षांना लागू आहे.

१४. आमच्या गावानं मतदानावर बहिष्कार टाकला तर निवडणूक रद्द होते का?

होत नाही. किमान इतकं मतदान झालंच पाहिजे अशी अट आपल्या कायद्यात नाही. खानापूरच्या जंगलपट्ट्यात, भीमगड अभयारण्यातल्या वाड्यांना रस्ता आणि पूल नाही म्हणून ही धमकी दिली जाते आणि मतदानाच्या आदल्या आठवड्यात तहसीलदार, वन खातं, सगळे धावत येतात. तेवढ्यापुरती ती चालते. तेव्हा लेखी आश्वासन घ्या, तारखेसह, आणि कुठल्या खात्याचं ते नाव लिहून. मतदान झाल्यावर तेच साहेब फोन उचलत नाहीत. मात्र कुणाला बळजबरीनं रोखलंत तर तो निवडणूक गुन्हा आहे.

१५. बूथवर सही केली, शाई लागली, आणि मग वाटलं नको मत द्यायला. चालतं का?

नियम ४९-ओ मध्ये ती सोय आहे. केंद्राध्यक्ष नोंदवहीत शेरा लिहितो आणि तुमची सही घेतो. पण मग तुम्ही मत दिलं नाही हे बूथवरच्या सगळ्यांना कळतं. नोटा गुप्त राहतो, म्हणून आता कुणी याच्या वाटेला जात नाही.

१६. माझं नाव बेळगावातही आहे आणि चंदगडला गावाकडेही. दोन्हीकडे मत घालता येईल?

नाही, आणि गमतीतही करू नका. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नाव एकाच मतदारसंघात, एकदाच. दोन्हीकडे मत दिलंत तर दोन्ही मतं बाद, आणि नाव नोंदवताना खोटी माहिती दिली म्हणून वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२४ मध्ये बेळगाव, चिक्कोडी आणि कोल्हापूर तिन्हीकडे मतदान ७ मे ला एकाच दिवशी होतं, तरी सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे असा बेत सांगणारे निघालेच. जिथे राहता तिथलं ठेवा, दुसरीकडचं फॉर्म ७ भरून काढा.

१७. निवडून आलेल्याला मध्येच परत बोलावता येतं का?

आमदार-खासदाराला नाही. राष्ट्रपतींवर महाभियोग आणता येतो, पण तो संसद आणते आणि प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. आजवर कुणावर तो आलेला नाही.

१८. मी गेलो तर माझ्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेला. परत पाठवलं. आता?

परत यायचं नाही. ओळख पटवली की नियम ४९-पी नुसार तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते, तिला प्रदत्त मत म्हणतात, बूथवर सगळे टेंडर वोट म्हणतात. शिक्का मारून ती वेगळ्या पाकिटात बंद होते. मतमोजणीच्या दिवशी ती मोजत नाहीत, कोर्टात गेलं आणि फरक थोडा असला तर उघडू शकतात. पण नोंद होते. केंद्राध्यक्ष 'असं काही नसतं' म्हणाला तर हुज्जत न घालता नियमाचा क्रमांक सांगा, आणि तरी नाही मिळालं तर बाहेर येऊन १९५० वर फोन लावा, बूथ क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवून.